अंड्याच्या रंगातली आई

बूढापारा, रायपूर
१२ ऑगस्ट २००१

ती. भार्गवदादास ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

आई आता अंथरुणातून उठत नाही. समता कॉलनीतले डॉक्टर नुसती मान हलवतात. तरी तिनेच हट्ट धरला, माझं चित्र काढ, अन् आहे तशी काढ, फोटोवाल्यासारखी गोरी नको करू. म्हणून अंड्याच्या बलकात रंग कालवतेय. हा रंग लगेच वाळतो, फासता येत नाही. बारीक रेघेवर रेघ ओढत बसायचं. पण तिच्या गालाची कातडी चित्रात अशी उतरते आहे की तेलरंगात मला ती कधी जमली नव्हती. वेड लागलंय दादा!

बाबांना अंड्याचा पत्ता नाही. अंडी गच्चीवर फोडते. आईला सांगितलं तर हसली, म्हणाली, जन्मभर शिवलं नाही, आता अंगभर लावून घेऊन राहिले. तू ये. लोभ आहे, तो येऊन दाखव.

तुझी ज्ञानदा


भोपाळ
२० ऑगस्ट २००१

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

राज्याची दोन झाली, त्या वाटणीत सरकारी नोकरीमुळे मी इकडे राहिलो, आणि साहेब रजा देत नाहीत. आईला बघायला वेळेत पोचलो नाही, तर तुझ्या चित्रातच बघीन. अंड्याचं बाबांना कधीच कळू देऊ नकोस. ते चित्र घरात ठेवणार नाहीत. आईला जप. माया असू दे.

भार्गव


बूढापारा, रायपूर
२ नोव्हेंबर २००१

ती. दादास सा. न.

काल आपल्या नव्या राज्याला वर्ष झालं, शहरभर रोषणाई होती. आपल्या घरात अंधार आहे.

तू पोचलास तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. तू चित्रासमोर बसून रडलास, तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी राहिलं. आता तेही नाही. हा रंग वरून वाळला तरी पक्का व्हायला महिने लागतात, तोवर काच लावत नाहीत. बाबांनी चित्र देवघरात टांगलं. देवांच्या तसबिरींसारखं रोज ओल्या फडक्यानं पुसायचे, कुंकू लावायचे, वर चेहरा झाकेल एवढा भलामोठा हार. मी पाणी लावू नका म्हटलं, तर काहून म्हणाले. अंड्याचं खरं कारण सांगता येईना.

काल हार उतरवला. पदराचा काठ आहे, चेहरा नाही. डोळे, ओठ, सगळं फडक्यात गेलं. बाबा मागे उभे होते. म्हणाले, मले सरोजिनी अंधुक दिसून राहिली, डोळे गेले वाटते. मी हव, डोळ्यांचंच आहे म्हटलं. आता ते डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार झालेत.

सुट्टीत येशील तेव्हा चित्राकडे बघून मोठ्यानं म्हण, आई जशीच्या तशी आहे. ती कुणाच्या हातानं पुसली गेली, हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

ज्ञानदा