टाकीतल्या बासाची आणि खालच्या कवळीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवणारी बाई म्हणून या भागातल्या निम्म्या तोंडांना ठाऊक असलेली, आज पूर्ण शुद्धीवर आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे, नजर एका चष्म्यावर भागते आणि हात अजून कापत नाही. कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं सांगायला मी आमच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, तर ते म्हणाले, "बाई, मी दातांचा डॉक्टर, डोक्याचा नव्हे." मी म्हटलं, "जन्म तुमच्या दवाखान्यात काढला, एवढं तरी सांगाल की नाही?" ते येऊन बसले आहेत. हे सगळं मी माझ्या लेकीसाठी लिहिते आहे. घर तिला मिळावं, पण या घरात माझं जे झालं ते तिचं होऊ नये, एवढाच हेतू आहे.

कलम १. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि जिन्याखालची अडगळ. हे सर्व माझ्या एकुलत्या एक लेकीला. अट कलम ७ मध्ये आहे. ती मोडली तर घर माझ्या दिरांना जावं. ते दुसऱ्याच दिवशी विकून मोकळे होतील याची मला खात्री आहे, आणि तेच मला हवं आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक. आधी माझ्या आजारपणाची आणि अंत्यविधीची बिलं भागवावीत, उरेल ते लेकीला. फार उरणार नाही. उगाच आशा लावून बसू नये.

कलम ३. हत्यारं. मेणाच्या सुऱ्या, कानशी, साच्यांचे डबे आणि पॉलिशचं चाक दवाखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना द्यावं. त्या बिघडलेलं मेण गुपचूप माझ्या डब्यात टाकायच्या, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता डबाच त्यांचा, टाका म्हणावं खुशाल. प्लास्टर फोडायची हातोडी यात धरू नये. तिचं आज काम आहे.

कलम ४. दीर. भाऊजींनी आमची शिडी नेली ती आजतागायत परत आणलेली नाही. ती मी त्यांना देऊन टाकते, म्हणजे माझ्या दारावरून जाताना मान खाली घालायला नको. "वहिनी, तो मासा तळून टाका एकदाचा," असं ते दर भेटीत म्हणायचे. तेव्हा मी रागवायचे. त्यांचं ऐकलं असतं तर हा कागद एका पानात आटोपला असता.

कलम ५. बास. बास जातीचा हा मासा विकत घेतलेला नाही. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. तलावाचं पाणी जिथून आत येतं तिथे एक जाळी आहे. तिला पाला, पिशव्या, कधी बेडूक अडकतात. ती साफ करायचं काम यांचं. एक दिवस जाळीला बोटाएवढा बास अडकलेला सापडला, तो हे जेवणाच्या डब्यात पाणी भरून घरी घेऊन आले. डबा मला घासावा लागला, हे मुद्दाम नोंदवते.

दोन दिवस ठेवू म्हणाले होते. तो मनगटाएवढा झाला, मग दंडाएवढा. सोबतीला सोडलेले रंगीत मासे त्याने एकेक करून गिळले. नाव बास, पण खाताना तो शब्द त्याला ठाऊक नाही, असं म्हणून हे स्वतःच हसायचे. त्याच्यासाठी टाकी बदलली, मग आणखी मोठी केली, शेवटच्या टाकीला जागा हवी म्हणून सोफा गेला. झाकणावर विटा ठेवाव्या लागल्या, कारण हा उडी मारतो. हिरवट अंग, कुशीवरून काळा पट्टा, आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. आयुष्यभर लोकांची तोंडं सरळ करणाऱ्या बाईच्या समोर चोवीस तास असलं तोंड! मी म्हणायचे, तलावातला जीव आहे, चौकोनात कसा राहील? तो राहिला.

संध्याकाळी कामावरून आले की हे निळा शर्ट न काढता टाकीपुढच्या खुर्चीत बसायचे. शीळ घालायचे. मग बास काचेशी आला की त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचे. मी स्वयंपाकघरातून कान दिला की गप्प. माझ्याशी बोलणं म्हणजे भाजी, बिल, दार लाव, दिवा घालव. लेकीशी तर तेवढंही नाही. ती यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली तेव्हापासून तिचं नाव यांनी तोंडातून काढलं नाही. फोनवर तिचा आवाज आला की न बोलता रिसीव्हर माझ्या हातात. ती रडायची, मी समजूत काढायचे, आणि हे माशाला कोळंबी सोलून द्यायचे.

हे गेले तेही त्याच खुर्चीत. मी चहा घेऊन आले तेव्हा बास काचेला टेकून यांच्याकडे बघत होता आणि तोंड उघडमीट करत होता. बोलता बोलता समोरचा माणूस थांबला तर आपण वाट बघतो ना, तसा.

त्यानंतर त्याने खाणं सोडलं. मला वाटलं, ब्याद टळतेय. मग एकदा टाकी घासायला घेतली आणि कपडे खराब होऊ नयेत म्हणून यांचा निळा शर्ट वरून चढवला. बास कोपऱ्यातून निघाला तो सरळ माझ्यासमोर. मी गांडूळ धरलं. त्याने घेतलं नाही, नुसता बघत राहिला. शर्ट बरोबर होता, बाकीचं चुकत होतं.

जिवंत प्राणी डोळ्यांसमोर उपाशी मरू देण्याएवढी मी कठोर नाही. मी खुर्चीत बसले आणि बोलून पाहिलं. पाऊसपाणी सांगितलं, पंपघराचं सांगितलं. तो जरा पुढे यायचा, परत मागे जायचा. मग मी माझं नाव घेतलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे मला ज्या लाडाच्या नावाने हाक मारायचे ते. बासाने पाठ फिरवली. अहो, माशाने पाठ फिरवली म्हणून ढसाढसा रडलेली बाई कुणी पाहिली आहे का? मी रडले.

कमी काय पडतंय हे मला धंद्यामुळे कळलं. यांची खालची कवळी मीच बनवली होती. "पुढच्या दोन दातांत फट ठेव, नाहीतर शीळ येणार नाही," असा यांचा हट्ट होता. त्या फटीतून यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर थोडा वारा यायचा. माझ्या कवळीला फट नाही, माझं काम चोख असतं. यांची कवळी मी वाटीत पाणी घालून कपाटात ठेवली होती. का ठेवली, ते मला विचारू नये. तिला आतून नवं अस्तर घालून मी माझ्या हिरड्यांवर बसवली. माझी काढली, यांची घातली, आरशाकडे न बघता खुर्चीत बसले आणि शीळ घातली.

बास असा झेपावला की विटा हलल्या. आणि त्याने खाल्लं.

मग शब्द सापडायला लागले. चुकलं की तो जागीच थांबायचा, बरोबर आलं की पुढे यायचा. आंधळ्याने भिंत चाचपडत दार शोधावं तसं माझं चाललं होतं. एका संध्याकाळी, कसं सुचलं ठाऊक नाही, माझ्या तोंडून यांच्या आवाजात आलं, "पोरगी आली का? सुखात असेल ना ती?" बासाने काचेला तोंड टेकवलं ते काढलंच नाही. हे गेले त्या दिवशी होता, तसाच. म्हणजे हे रोज ते माशाला विचारत होते. मी पलीकडे भाजी निवडत होते, मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? माझ्याबद्दल मात्र मी खूप शोधलं. एक शब्द निघाला नाही. हे मी यांना माफ केलेलं नाही, आणि मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात.

कलम ६. माझी लेक. मी तिला फोनवर हे सांगितलं आणि ती बॅग घेऊन आली. नवऱ्याला काय सांगून आली, मी विचारलं नाही. दारातच म्हणाली, "आई, दाखव." मी शर्ट घातला, कवळी घातली, शीळ घातली, आणि ते वाक्य म्हटलं. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि माझा गुडघा धरून हमसून हमसून रडली. "आले ना, बाबा. आले मी. पुन्हा म्हणा ना."

"अगं, मी आई आहे."

"माहितीये मला. पण पुन्हा म्हणा."

जन्मभर मला "तू" म्हणणारी लेक संध्याकाळ झाली की मला "तुम्ही" म्हणायला लागली. पुढे पुढे दुपारीही. मला ते आवडत नव्हतं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. पण मग जिन्यात समोरच्या घड्याळवाल्यांनी "कशा आहात?" विचारलं, आणि मी म्हटलं, "बरा आहे." ते दोन पायऱ्या उतरून थांबले आणि वळून माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या तोंडात माझीच कवळी होती.

मी घाबरले. हिरड्या दुखतायत असं सांगून मी खुर्चीत बसणं थांबवलं. तर लेकीने शर्ट घातला. बास तिच्याकडे आला, पण खाईना. तिला शीळ येत नाही. तिचे दात माझ्यासारखे नाहीत, सगळे स्वतःचे, गच्च, एकाला एक लागून. लहानपणी मी तिला झोपेतून उठवून चूळ भरायला लावायचे, त्याची ती फळं. ती छोटा आरसा घेऊन स्वयंपाकघरात आली, ओठ खाली ओढला आणि म्हणाली, "आई, कवळीची गरजच नाही. नुसती फट हवी. एकच दात काढावा लागेल, नाही का?" बटण कुठे लावू, असं विचारावं त्या सुरात.

"वेड लागलंय का तुला?"

"तुझ्या तोंडून बाबा तेवढंच बोलले. माझ्याशी बोलायचं त्यांचं सगळं राहिलंय. मी बसले तर पुढचं सांगतील." आणि तिने टाकीकडे बघितलं. बास तिच्याकडेच बघत होता.

कलम ७. अट आणि व्यवस्था. टाकी, बास, निळा शर्ट आणि ही कवळी यांपैकी काहीही या घरात राहता कामा नये. यातलं एकही लेकीने ठेवलं तर कलम १ प्रमाणे घर भाऊजींचं. माझ्या मरणाची वाट न बघता मी आजच सुरुवात करते आहे. हे लिहून झालं की कवळी मी दोन्ही साक्षीदारांसमोर माझ्या हातोडीने फोडणार आहे. शर्ट डॉक्टरांनी घेऊन जावा आणि जाळावा. यानंतर बास माझ्याकडून खाणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला मी त्याला खायला घालू देणार नाही. तो संपेपर्यंत मी त्या खोलीत बसून राहीन. त्याला तलावात सोडू नये. तिथे मुलं पोहतात, आणि याला माणसं फार कळतात. मेल्यावर खोल पुरावा. कोणी खाऊ नये.

फोडताना मला काय होणार आहे ते कायद्याच्या भाषेत बसत नाही. यांचा आवाज जगात आता त्या एका फटीत उरला आहे. हे माझ्याशी बोलले नाहीत, पण माझ्या तोंडातून बोलले, आणि त्यात मी सुखी होते. तेही गेलं की मी खरी विधवा होईन. चालेल. माझी पोरगी तिच्या तोंडाने बोलली पाहिजे, तिच्या घरी परत गेली पाहिजे.

कलम ८. माझे अंत्यविधी साधे असावेत. निरोप देण्यापूर्वी माझ्या तोंडात माझीच कवळी आहे ना, हे डॉक्टरांनी बोट घालून पाहावं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवते. वाचून पाहिलं, एकही शब्द बदलायचा नाही.

सही: बाई, कवळ्या बनवणारी

ठिकाण: राहतं घर, टाकीची खोली
दिवस: मंगळवार, दुपारी, पडदे उघडे ठेवून

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यादेखत सही केली. कवळी माझ्यादेखत फोडली, तीन घावांत. तुकडे मी उचलले. मासा सगळा वेळ काचेशी होता.
सही: समोरचे घड्याळवाले

साक्षीदार दुसरा: बाई माझ्या मते पूर्ण शुद्धीवर आहेत. शर्ट माझ्या पिशवीत आहे. त्यांच्या विनंतीवरून मी त्यांच्या मुलीचे दात स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात तपासले. सर्व दात जागेवर आहेत. खालच्या पुढच्या दातांपैकी एक हलतो आहे, हिरडी सुजली आहे आणि दातावर पकडीचे ओरखडे आहेत. मी विचारल्यावर मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आईला सांगू नका, ती आत्ताच कुठे शांत बसलीये." बाई टाकीच्या खोलीत खुर्चीत बसून आहेत. हे वाक्य लिहीपर्यंत मी त्यांना सांगितलेलं नाही.
सही: दातांचे डॉक्टर