सर्वसाधारण सभेनं काढून टाकलेला सिनेमा

दिंद्रुड,
संक्रांत होऊन गेल्यावरचा रविवार

श्री. सुग्रीवदाजी यांच्या सेवेसी, तुमचा थोरला मेहुणा आणि बळीराजा सहकारी चित्रपटगृह संस्थेचा (अजून तरी) सचिव उत्तरेश्वर याचा वाकून नमस्कार.

इकडं सगळं खुशाल आहे, म्हणजे जे आटायचं होतं ते आटलं आहे आणि जे उरलं आहे ते टँकरची वाट बघत आहे. तुमची कंबर कशी आहे? आमच्या भामाचा खोकला गेला का? तिकडं उसाच्या फडावर थंडी लई पडते म्हणतात, तर पाचटाच्या कोपीच्या तोंडाला पोतं लावत जा. तुमच्या दोन्ही शेळ्या ठीक आहेत, धाकटीनं माझ्या धोतराचा काठ खाल्ला, त्यावरून तिची भूक चांगली आहे असं म्हणायला हरकत नाही. घराचं कुलूप मी येता-जाता ओढून बघतो.

पत्र लिहायचं कारण असं की मी फोन केला की तुम्ही कट करता. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतो. मागच्या प्रत्येक फोनात मी काही ना काही मागितलं होतं हे मला कबूल आहे (फवारणीचा पंप अजून माझ्याकडंच आहे, काळजी नसावी), म्हणून आधीच सांगून टाकतो की या पत्रात मी काहीही मागणार नाही. फक्त एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी सांगायची आहे. ती अशी की बीडमध्ये भरल्या थिएटरात लोकांनी तुम्हाला रडताना बघितलं. तुम्ही त्या दिवशी बीडला नव्हता हे मला माहीत आहे. सविस्तर सांगतो, तोवर कोयता खाली ठेवा.

आपली टॉकीज कशी उभी राहिली हे तुम्ही जाणताच. एक काळ असा होता की गावात चार माणसं झाडाखाली एकत्र दिसली की त्यांची सहकारी संस्था नोंदवायची. दुधाची झाली, खताची झाली, शेवटी करायला काही उरलं नाही म्हणून सिनेमाची झाली. तुमच्या वडिलांनी घेतलेला शेअर आता तुमच्या नावावर आहे आणि त्याचा लाभांश म्हणून वर्षाला एक नारळ मिळतो (यंदाचा मी खाल्ला). पण दुष्काळ पडला, अर्धं गाव ऊसतोडीला गेलं आणि उरलेल्या अर्ध्याला तीन तास अंधारात बसायची गरज वाटेना, अंधार घरीच भरपूर आहे. तेव्हा आपले चेअरमन बबनराव यांनी जनावरांची छावणी काढली आणि छावणीचा कडबा ठेवायला बाल्कनी घेतली. पडदा काढून गंजीवर झाकला. मी लेखी हरकत घेतली होती. ती गंजीखालीच कुठंतरी असेल.

अशा वेळी दसऱ्याच्या आधी मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. गावोगावच्या टॉकीजमध्ये तरुण पोरापोरींना सिनेमा करायला फुकट शिकवायचं, कॅमेरा आमचा, जागा तुमची. बबनरावांनी पत्रातला 'उद्घाटन' एवढा एकच शब्द वाचला आणि होकार कळवला. शिकवायला एक मॅडम आल्या, वयानं आपल्या शिवकन्येहून फार मोठ्या नसतील, पायात बूट, डोक्याला रुमाल. गंजीवरचा पडदा आम्ही परत आणून टांगला, तर त्यावर मधोमध शेणाचा एक भला मोठा डाग पडलेला. धुवायचा तर पिंपभर पाणी लागणार. विषय संचालक मंडळापुढं गेला आणि पाणी जनावरांना द्यावं असं ठरलं, ते बरोबरच होतं. त्यामुळं मॅडमनी जगभरातले जे काही चांगले सिनेमे दाखवले, त्यातल्या प्रत्येक नायिकेच्या गालावर दिंद्रुडच्या बैलाची खूण होती.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात शिवकन्येचा काय संबंध. तुम्ही लेकीला बारावीसाठी माझ्या घरी ठेवलं, आणि संध्याकाळी ती संगणकाच्या क्लासला जाते असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं नव्हतं. मॅडमकडं संगणक होता. (बाकी जे होतं ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.) पोरगी अशी रमली म्हणता, की जेवताना ताटाकडंसुद्धा एक डोळा मिटून बघायची. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सजवू नका, जे समोर आहे ते दाखवा. आपल्या गावात हे सांगणं फार धोक्याचं आहे, कारण समोर जे असतं ते दिसू नये म्हणून तर आपण सगळे एवढी धडपड करत असतो. पण पोरं ऐकायला बसली होती, त्यांनी ऐकलं. सगळ्यांनी मिळून गावावर एक लहानसा सिनेमा करायचा ठरला. कॅमेरा आळीपाळीनं फिरला, जोडायचं काम मात्र शिवकन्येकडं आलं, कारण नको ते कापायला हात घट्ट लागतो असं मॅडम म्हणाल्या. तो तिला कुणाकडून मिळाला हे मी त्यांना सांगितलं नाही.

इथवर ठीक होतं. मग बबनरावांच्या डोक्यात आलं की संस्थेच्या जागेत झालेला सिनेमा म्हणजे संस्थेची मालमत्ता, आणि मालमत्तेचा निर्णय सर्वसाधारण सभेनं घ्यायचा असतो. मॅडमना वाटलं हा विनोद आहे. त्या हसल्या, आणि मी दुसऱ्या दिवशी रीतसर नोटीस फलकावर लावली. दाजी, मी आयुष्यात पुष्कळ सभा लिहिल्या, पण अशी नाही. मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, आणि त्यानंतर सिनेमा. एकेक चित्र पडद्यावर थांबवायचं, सूचक कोण, अनुमोदक कोण, ठेवायचं का काढायचं, हात वर करा. राधाकिशनच्या घराची भिंत तडकलेली दिसत होती, त्यानं ती काढायला लावली. कडूबाई टँकरपाशी भांडताना दिसत होत्या. भांडण ठेवा म्हणाल्या, पण लुगडं बदलून पुन्हा भांडते. टँकर आधी बबनरावांच्या हौदापाशी थांबतो ते चित्र एकमतानं काढलं (बबनराव नियमाप्रमाणे तटस्थ राहिले). उद्घाटनाच्या आधी चेअरमनच्या खुर्चीवर कुत्रं झोपलं होतं, ते काढलं. त्यावर एका सभासदानं कुत्रं ठेवून खुर्ची काढावी अशी उपसूचना मांडली, ती मी ऐकू न आल्यासारखी केली. तुमच्या आळीतली ओळीनं कुलपं लावलेली दारं काढली, कारण असं गाव दिसलं तर सोयरिकी कोण करणार.

आणि मग तुम्ही आलात. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक टॉकीजच्या आवारातूनच निघाला होता. भामा वर भांड्यांवर बसलेली, पोती, खाटा, कोंबड्या, आणि तुम्ही खाली उभे राहून सगळ्यांवर ओरडताय. ट्रकवाल्यावर, मुकादमावर, कोंबडीवरसुद्धा. शिवकन्येला तुम्ही एकच वाक्य बोललात, अभ्यास कर, आणि दोरी आवळायच्या निमित्तानं ट्रकच्या मागं गेलात. मागं जाऊन तुम्ही दोरीला हातही लावला नाही. टॉवेल तोंडात धरून रडलात. राधाकिशननं, तुमच्या लहानपणच्या सोबत्यानं, ते काढायची सूचना मांडली. गडी माणूस असा दाखवू नये म्हणाला. सगळे हात वर गेले. खरं सांगतो, माझाही गेला. तुमची लाज राखायची म्हणून गेला, पण गेला.

उरला काय तो सिनेमा ऐका. बबनराव समई लावताना, बबनराव हार घेताना, मारुतीचा कळस, झेडपी शाळेची लेझीम, आणि पुन्हा बबनराव, दुसऱ्या कुडत्यात. नाव ठरावानं दिलं, 'आदर्श गावाची वाटचाल'. मॅडमनी तो बघितला आणि डोकं दुखतं म्हणून बाहेर कडब्याच्या पेंढीवर जाऊन बसल्या. पण दाजी, आपल्या सभेत एक चूक राहून गेली. काय काढायचं याचा ठराव झाला, काढलेल्याचं काय करायचं याचा झालाच नाही. शिवकन्येनं मला त्या दिवशी एवढंच विचारलं, की मामा, काढलेलं फेकून द्या असं कुठं लिहिलंय का. मी इतिवृत्त बघितलं. नव्हतं लिहिलेलं. मग ती उठून संगणकापाशी गेली, मी काही विचारलं नाही. तुमच्या मुलीला न विचारणं हे मी आता शिकलो आहे.

परवा बीडला सगळ्या गावांचे सिनेमे दाखवले. दोन जीप भरून आमचे संचालक गेले, मी एसटीनं गेलो, कारण सचिवाला जीपमध्ये जागा नसते. बबनराव पहिल्या रांगेत, कुडत्याला इतकी खळ की बसताना आवाज आला. आपलं नाव पुकारलं, दिवे गेले, आणि पडद्यावर चेअरमनच्या खुर्चीत कुत्रं झोपलेलं दिसलं. मग ते कूस बदलून पुन्हा झोपलं. लोक हसले. मग टँकर आला आणि हौदापाशी थांबला. मग तडकलेली भिंत, जुन्या लुगड्यातल्या कडूबाई, कुलपं, कुलपं, कुलपं. सभेनं जे जे म्हणून काढलं ते ते सगळं पोरीनं नीट एकापुढं एक जोडलं होतं, आणि दाजी, तेच आपलं गाव होतं. शेवटी ट्रकच्या मागं तुम्ही. संगीत नाही, काही नाही, फक्त पुढून ट्रक चालू झाल्याचा आवाज. माझ्या शेजारी एक परका माणूस बसला होता, कुठल्यातरी कचेरीतला असावा. त्यानं चष्मा काढून पुसला. मी माझं नाक धोतरानं पुसलं, कारण काठ आधीच गेला होता.

बबनराव तावातावानं उठून निघणार, एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आता तुम्ही त्या माणसाला ओळखता. टाळ्या वाजल्या की त्याला बसवत नाही आणि निघवतही नाही. तो वळला आणि चारी दिशांना हात जोडले. वर बोलावलं तेव्हा म्हणाला, दुष्काळाचं खरं चित्र लोकांपुढं यावं ही आपली पहिल्यापासूनची तळमळ. मला घरी आल्यावर कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी उत्तर दिलं की सभेनं मंजूर केलेला सिनेमा जसाच्या तसा कपाटात सुरक्षित आहे, दाखवला तो नामंजूर केलेला, त्याच्याशी संस्थेचा संबंध नाही. पण तोवर पेपरात बबनरावांचा फोटो आला होता, त्यामुळं नोटीस राहिली बाजूला. राधाकिशन तुम्हाला फोन करून म्हणेल की त्यानं विरोध केला होता. तो खरंच बोलतोय, त्याला शिव्या देऊ नका.

एवढंच सांगायचं होतं. कळावे. रागावलात तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको. भामाला आशीर्वाद, मुकादमाला काही नाही.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. काहीही मागणार नाही म्हणालो होतो, पण लिहिता लिहिता एक बारीकशी गोष्ट आठवली. मुंबईच्या त्या संस्थेनं शिवकन्येला वर्षभर शिकायला बोलावलं आहे. सिनेमा जोडायचं काम, राहणं-जेवण त्यांच्याकडं, बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये जायचं. तुम्ही परत आल्यावर उन्हाळ्यात चौसाळ्याच्या पाहुण्यांकडं तिचं पक्कं करणार आहात. तर ते नका करू. लग्न लावलं की पुढच्या दसऱ्याला तीही कुणाच्यातरी ट्रकवर भांड्यांवर बसलेली असेल, आणि ते चित्र काढून टाकायला सर्वसाधारण सभाही लागणार नाही, कारण ते टिपायला कुणी उरलेलंच नसेल. मी आजवर तुमच्याकडं पंप मागितला, बैल मागितला, एकदा बुलेटही मागितली. ते सगळं विसरा, फक्त हे द्या.

ता. क. दुसरा. चौसाळ्याच्या पाहुण्यांना मी तुमच्या वतीनं नकार कळवून टाकला आहे. कारण काय म्हणून विचारलं, तेव्हा पोरीचा स्वभाव बापावर गेला आहे असं सांगितलं. त्यांनी चहा पाजून लगेच वाटेला लावलं.

ता. क. तिसरा. भामे, दाजींचा चष्मा फुटलेला असल्यानं हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवत असणार. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस, पत्र संपलं म्हण. बीडहून परत येताना एसटीत मी शिवकन्येला झापलं. म्हटलं, बापाला असं चोरून टिपतात का, त्याला कळलं तर काय वाटेल. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "मामा, चोरून न्हाई. आबानी मला बगितलं व्हतं. लई येळ बगितलं. बंद कर म्हनले न्हाईत." तेव्हा भामे, परवानगी त्या माणसानं ट्रकच्या मागंच देऊन टाकलेली आहे. ती त्याला आठवण करून दे, आज नको, उद्या, भाकरी वाढताना.