आईच्या शेडमधली माती

१० मे

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू प्रयोगशाळेतून धाडलेल्या बरण्यांत शेडमधली माती भरून पाठवली आहे. हवेचा नमुनाही घेतला, पहाटे गारव्यात, कारण दुपारी तिथे बाबा असतात. आई गेल्यापासून जेवण उरकलं की खुर्ची घेऊन तिच्या शेडमध्ये बसतात. ती जिथे लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून तेल चोपडायची, नेमकं तिथेच. हटकलं तर म्हणाले, ऊन चढलं की तिचा वास येतो. खोकला वाढलाय, डॉक्टर चिडलेत. मला मात्र धड राग येत नाही की रडू येत नाही. तुझं कसं? जमेल तसं लिहीत जा.

तुझा दादा

२४ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

पहाटेची हवा अगदी स्वच्छ निघाली. लगेच खूश होऊ नकोस, तो नमुना बाद आहे. अरे शहाण्या, गारव्यात माती सगळं धरून ठेवते. ऊन तापलं की त्या तेलातलं विष वाफ होऊन हवेत येतं, रात्री त्यातलं थोडं परत मातीत उतरतं. आईच्या हातून इतकी वर्षं सांडलेलं तेल आहे ते. बाबांना तिथे बसू देऊ नकोस. शेडला कुलूप घाल. माती उकरायचीच, पण थंडी पडल्यावर, म्हणजे वाफ कमी उडेल.

माझं बरं आहे. जेवते, कामावर जाते. आईला आठवायला बसले की काहीच आठवत नाही. राग नसावा.

ठमी

१२ डिसेंबर

चि. ठमीस अ. आ.

माती नेली. वर कोबा केला. बाबांचा खोकला थांबलाय. इतके महिने कुलपासमोर खुर्ची टाकून बसायचे, तेही सुटलं. काल कोब्यावर उभं राहून बराच वेळ हुंगत होते. मग म्हणाले, आता ती गेली. मी बरं म्हटलं आणि आत जाऊन चहा टाकला.

तब्येतीला जप.

दादा

३ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी एक बरणी आमच्या फ्रीजरमध्ये उरली होती. तपासणी झाली की माती नष्ट करायची असा इथला नियम. काल जेवणाच्या सुट्टीत मी ती हीटरशेजारी ठेवली आणि झाकण सैल केलं. काचेवर दव धरलं. ते वाळेपर्यंत काही नव्हतं. मग आई शेडमधून आत येऊन मला जवळ घ्यायची, तेव्हाचा वास आला. मी खूप रडले रे.

बरणी परत गारठ्यात ठेवली आहे. साहेबांकडून सोमवारपर्यंत मुदत मागून घेतलीये. बाबांना काही बोलू नकोस. तू एकटा येऊन जा.

ठमी