उजेडाचा मीटर, मागची खोली आणि नलू

श्री प्रभावती प्रसन्न

मी, बकुळा, कै. हेरंब यशवंत विजयकर यांची पत्नी, वय एकसष्ट, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार गिरगाव, मुंबई, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि भरीसही पाडलेले नाही. उलट दोघांनी लिहू नकोस म्हणून सांगितले, म्हणून लवकर लिहीत आहे.

मला दोन मुलगे. थोरला मनमोहन सचिवालयात नोकरीला आहे. धाकटा वीरेंद्र १९५६ च्या जानेवारीत मोर्चाहून घरी येताना गोळी लागून गेला. त्याची पत्नी नलू माझ्याजवळ राहते.

कलम १. हे घर मला माझ्या आईकडून मिळाले आहे, त्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही. पुढच्या तीन खोल्या आणि माळा मनमोहनचा. मागची कोठीची खोली नलूची, तिच्या हयातीपर्यंत आणि पुढे ती सांगेल त्याची. त्या खोलीला खिडकी नाही म्हणून आजवर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. नलूला तीच हवी, कारण फोटो धुवायला काळोख लागतो.

कलम २. पोस्टातल्या बचतीतून माझे दिवसवार करावेत, पण जेवणावळ घालू नये. पाच माणसे जेवली तरी मी पोचेन. उरेल ते प्रभादेवीच्या देवळात तेलवातीसाठी द्यावे.

कलम ३. ह्यांचा भात्याचा कॅमेरा, सन १९२७ चा, कातडी पेटीसकट, नलूला.

ह्यांचा हात चांगला होता, पण उजेड ते अंदाजाने ठरवीत. डोळे बारीक करून आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "छिद्र आठवर ठेव, पंचविसाने मार." एका रोलात आठ फोटो. त्यातले तीन काळे. मग ढगाला शिव्या. मी ढगाची बाजू घेत असे. ह्यांच्यामागे कॅमेरा पाच वर्षे कपाटात पडून होता. वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही म्हणून मी तो हातात घेतला, आणि माझे तर आठातले सहा काळे येऊ लागले.

कलम ४. उजेड मोजण्याचा मीटर नलूला. याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मागे कोणी त्याला खेळणे समजू नये.

आमच्या मागच्या गल्लीतला ऑस्वाल्ड कोटातल्या एका दुकानात कॅमेरे दुरुस्त करतो. त्याचा भाऊ हर्बर्ट बोटीवर होता, त्याने हा मीटर माझ्यासाठी आणला. काडेपेटीहून थोडा मोठा. पुढे बारीक बारीक फुगवट्यांची काच, मधमाशीच्या पोळ्यासारखी. तिच्यावर उजेड पडला की वरचा काटा हलतो. तो ज्या आकड्यावर थांबेल तो चकतीवर जुळवायचा, की कॅमेऱ्याचे छिद्र किती उघडायचे आणि किती वेळ, ते समोर येते. किल्ली नाही, बॅटरी नाही, तेलपाणी नाही. जे मोजायचे त्याच्यावरच तो चालतो. असा काटकसरी प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या जुन्या कॅमेऱ्यावर तो बसवायला जागाच नव्हती. ऑस्वाल्डने पितळेचा चिमटा घडवून माथ्यावर लावला. आता तो कॅमेऱ्यावर डोईवरच्या मंडोळ्यासारखा शोभतो. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "माझे आयचा एक फोटो काढ बाय, मॉड बायचा. तिचा तोंड कधी दिसलाच नाय फोटोत."

मॉड बाय दारात बसत, पाठीमागे भगभगीत ऊन. पूर्वी मी काळी बाहुली काढली असती. मीटर तिच्या गालापाशी नेला, काटा खाली आला, चकती सांगेल तसे केले. सुरकुत्या सुरकुत्या दिसल्या. बाई फोटो बघून म्हणाल्या, "येवरी म्हातारी झाले काय मी?" आणि तो छातीशी धरून बसल्या. मीटर कोणाचे तोंड बघून बोलत नाही. शेटजी असो की भांडीवाली, जेवढा उजेड तेवढाच सांगतो. माणसांत हा गुण मी फार थोड्यांत पाहिला.

कलम ५. आता माझी चूक लिहून ठेवते, कारण हे मृत्युपत्र तिच्यामुळेच लिहावे लागत आहे.

१९५५ च्या दसऱ्याला मी विळी, कात्री, ह्यांचा दौत-टाक पाटावर मांडले, त्यात मीटरही ठेवला. वर्षभर राबतो तर त्याचीही पूजा हवी. हळदकुंकू पाण्यात कालवून बरोब्बर त्या पोळ्याच्या काचेवर लावले. दुसऱ्या दिवशी पुसले, पण फुगवट्यांच्या फटींतले गेले नाही, आणि मला ते दिसले नाही. मीटरला उजेड कमी दिसू लागला, म्हणून तो मला जास्त घ्यायला सांगू लागला. मी अख्खी दिवाळी त्याच्या शब्दावर काढली. निगेटिव्ह काळ्याकुट्ट आल्या, आणि त्यांवरचे फोटो पिठासारखे पांढरे.

ऑस्वाल्डने मीटर खिडकीपाशी नेला आणि हसायलाच लागला. "अगो बाय, याचे डोल्यान कुंकू घातलास! आंधला केलास ना बिचाऱ्याला!" कापसाने काच साफ करून दिली. काळ्या निगेटिव्ह मी डब्यात ठेवल्या. मी काही टाकत नाही.

दोन महिन्यांनी वीरेंद्र गेला. भिंतीवर लावायला त्याचा फोटो नव्हता. जो होता तो त्या दिवाळीतला, गॅलरीत कंदील बांधताना. पांढऱ्या कागदावर दोन भुवया.

बाराव्याच्या आत नलू उठली आणि म्हणाली, "आई, तो डबा द्या." आमच्या वासंतीवन्सं घरात होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता घराबाहेर? आणि ऑस्वाल्डकडे? वहिनी, तुम्ही हिला काही बोलत नाही?" मी बोलले. मी म्हटले, "नलू, शाल घे, गार आहे."

ऑस्वाल्डने निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "याच्यातून निघंल. पण टायम दे." दाट निगेटिव्हमधून उजेड हळू झिरपतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. नलूने आकडे मोजत उभे राहून एक कागद केला, दोन केले, तीन केले. चौथ्यावर वीरेंद्र आला. हातात कंदिलाची दोरी, तोंडात दुसरे टोक, डोळे हसरे. नलू रडली नाही. तिने विचारले, "ऑस्वाल्ड, पाचवा केला तर शर्टाची बटणं पण येतील?"

तेव्हापासून ती शिकली. आज तिला मीटर माझ्याहून चांगला कळतो. काटा बघण्याआधी आकडा सांगते आणि तरी काटा बघते. हे ह्यांना जमले नाही, मला जमले नाही. शेजारच्या दुर्गाबाईंच्या मुलीच्या लग्नात लाल कनातीच्या मांडवात तिने फोटो काढले, एकही वाया गेला नाही. विधवा बाई बोहल्यापाशी कशी, म्हणून कुजबुज झाली, तेव्हा दुर्गाबाईच म्हणाल्या, "माझ्या मुलीला शकुन नको, तोंड दिसलेलं हवं."

कलम ६. मनमोहन वाईट नाही, भितो. तो म्हणाला, "आई, मी तिला शिवणयंत्र घेऊन देतो. कॅमेरा विकून टाकू. ही लोकांच्या मांडवात पुढे उभी राहणार, माझ्या साहेबाच्या घरचं लग्न निघालं तर मी कुठे बघू?"

नलू पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघा. मी सांगेन कधी."

हसण्यावारी गेले, पण मी ओळखते माझ्या मुलाला. मी डोळे मिटले की मागच्या खोलीत महिन्याभरात लाकडाची वखार होईल आणि नलूला माहेरी पाठवतील, जिथे तिला कोणी नाही. म्हणून लिहिते: मनमोहनने नलूच्या खोलीला, कॅमेऱ्याला, मीटरला किंवा फोटोच्या धंद्याला आडकाठी केली, तर माळा आणि मधली खोलीही नलूची होईल. हे कलम वाचून त्याने रागवावे, पण पाळावे.

कलम ७. किरकोळ. माझी उजेडाची वही नलूला. तीत प्रत्येक फोटोची वेळ, जागा, काटा, छिद्र लिहिले आहे. चुकाही लिहिल्या आहेत. ह्यांची कॅमेरा ठेवायची तिवई ऑस्वाल्डला. वासंतीवन्संनी "उजेड मोजता, मग अंधार काय तराजूत घालता?" असे चारचौघांत विचारले होते. त्यांना त्या बिघडलेल्या दिवाळीतला त्यांचा स्वतःचा फोटो द्यावा. त्यात त्या फार गोऱ्या आल्या आहेत. त्यांची हौस होती.

मीटर खणाच्या पिशवीत ठेवावा. आभाळाला दाखवू नये, चेहऱ्याला दाखवावा. दसऱ्याला पूजा जरूर करावी, कुंकू पिशवीला लावावे.

काल मनमोहनने हा कागद वाचला. कोणी सांगितले नव्हते, टेबलावर होता. मग मागच्या खोलीत जाऊन आला आणि म्हणाला, "आई, फोटो धुवायला पाणी लागतं ना? आत नळच नाही." अप्पा वकील म्हणाले, आता कलम सहा काढा. मी म्हटले, नळ बसू दे.

मुक्काम गिरगाव, मुंबई. ता. १४ फेब्रुवारी १९६०, रविवार.

सही: बकुळा हेरंब विजयकर
आमच्यासमक्ष सही केली:
साक्षीदार १: अप्पा मोरेश्वर नवलकर, वकील
साक्षीदार २: रामदास गोविंद राणे, शेजारी

पुरवणी. नळ बसला. मनमोहनने प्लंबर आणला आणि पाइप स्वतः धरून उभा राहिला. आज सकाळी नलूने त्या पाण्यात पहिला कागद धुतला: मनमोहन, हातात पाना, धोतर भिजलेले, कोणाकडे बघावे ते न कळून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. कलम ६ रद्द.

मुंबई, महाराष्ट्र राज्य. ता. ८ मे १९६०.

सही: बकुळा हेरंब विजयकर
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे, समक्ष.