मुहूर्त ढकलायचा नाही

२८ मार्च
काल रात्रीपासून पोटात कळ, थेट पाठीपर्यंत. गॅस आहे. सोडा प्यायलो, उलटी झाली. पार्टीतलं चिकन शिळं असणार. तुंगा म्हणते, ॲडमिट व्हा. बायकोला काय, सगळं मोठंच वाटतं.

२९ मार्च, हॉस्पिटल
ॲडमिट झालो. तुंगाच्या समाधानासाठी. डॉ. दीपश्री म्हणाल्या, स्वादुपिंडाला सूज आहे, सिव्हिअर. दारू किती घेता? म्हटलं, सोशल. दुकान बंद केल्यावर रोज घेतो, पण इस्त्रीवाल्याबरोबर. म्हणजे सोशलच. तुंगा खिडकीबाहेर बघत राहिली.
आमच्या लेकीचं, रक्षिताचं लग्न चार मेला. भरपूर वेळ आहे.

३ एप्रिल
नाकातून आतड्यापर्यंत नळी. तिच्यातून दुधासारखं काहीतरी सोडतात. वजन उतरतंय. बरंच आहे, लग्नातला कोट एक साइज कमी कापायचा.

११ एप्रिल
भाऊ भुजंग आला. म्हणाला, अण्णा, मुहूर्त पुढे ढकलू या. ओरडलोच त्याच्यावर. ढकलायचा नाही! कन्यादानाला मी बसणार. रक्षिता रडली. लग्न जवळ आलं की मुली रडतातच.

१९ एप्रिल
ताप. थंडी वाजते. एसी फार ठेवतात इथे. स्कॅन झाला. दीपश्री मॅडम स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, स्वादुपिंडाचा बराच भाग मेलाय, त्यात आता इन्फेक्शन. कुशीतून नळी घालून पू काढू. नाही जमलं तर सर्जरी. धोका आहे, खंडोजीराव.
कुजलेलं कापड कापून टाकायचं. शिंप्याला काय सांगता?

२० एप्रिल
नळी घातली. पिशवीत राखाडी पाणी, घाण वास. भुजंगला सांगितलं, कोटाला आतून मोठा खिसा ठेव, पिशवी त्यात बसेल. कोणाला कळणार नाही.

२२ एप्रिल
दम लागतोय. उशी उंच आहे. आयसीयूत नेणार म्हणे. एखाद्या रात्रीपुरतं. भुजंगला उद्या कापड घेऊन यायला सांगितलंय.

२३ एप्रिल
गळ्याला भोक, आवाज फुटत नाही. वर तारीख लिहिली ती बघून नर्स हसली. कानडीत म्हणाली, "अप्पाजी, मे हदिनेंटु." अठरा मे. इतके दिवस गुंगीत ठेवलं होतं म्हणे.

१८ मे, संध्याकाळी
रक्षिता आली. हातभर हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. पायाशी बसून राहिली. कन्यादान भुजंगने केलं म्हणे.
पाटीवर लिहून भुजंगला विचारलं, माझ्यासाठी थांबला का नाहीत? तो आधी तुंगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, डॉक्टर म्हणाल्या होत्या, कधीही काहीही होईल. सुतक लागायच्या आत उरकलं."
रक्षिताला हूटगळ्ळीला परत जायचं होतं, सासरी. तिला लिफ्टपर्यंत सोडावं म्हणून उठायला गेलो. पाय हललेच नाहीत. तुंगाने चादर सारखी केली. म्हणाली, पडा स्वल्प वेळ.
पडलो.