खिडकीची जागा

नवागाम, सुरत
एप्रिल १९९७

प्रिय सुषमा,

तू आपल्या मनानं लग्न करून बारडोलीला गेलीस त्याला तीन वर्षं झाली, पण भिंतीवरचं चिनी कॅलेंडर अजून तिथंच आहे. हजीऱ्याच्या कारखान्यात चिनी साहेबांनी तुझ्या अण्णांना दिलेलं. पानापानावर तीच डबा गाडी, फक्त रूप वेगळं: एकीत पाच माणसं, एकीत समोरासमोर आठ, एक नुसती मालाची, एक उंच टपाची. मागे धुकं, डोंगर, निळं पाणी. दुपारी शेजारचे कापडाचे लूम खडखडत असले की तू त्याखाली आडवी पडायचीस आणि त्या चिनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचायचीस: ही स्वस्त आहे, आपल्याला परवडते, हिच्यात आई पुढे बसते. तिथं खरंच तसं लिहिलंय असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

त्या गाडीतून आपण किती हिंडलो गं! मालाच्या गाडीत साड्यांचे गठ्ठे, आठ जणांच्या गाडीत सगळं गणगोत. कॅलेंडराखालची चटई हीच गाडी, आणि खिडकीची जागा तुझी. शाळेतून यायला तुला उशीर झाला, तर अण्णा तिथं आपला घडीचा रुमाल टाकून ठेवायचे, एस.टी.च्या खिडकीतून टाकतात तसा. मग तिथं बसायची कुणाची टाप नसे.

तर बातमी अशी, की गाडी आली. चिनी नाही, आपली मारुती व्हॅन, जुनीच, आठ जणांची. तुझा भाऊ योगराज तिच्यातून शाळेची मुलं नेतो. डोळे जरा बारीक केले की अगदी कॅलेंडरातली वाटते. येत्या रविवारी ती घेऊन आम्ही त्याच्याच लग्नाला अमळनेरला निघालोय, आणि वाट बारडोलीवरूनच जाते. आजवर बारडोली आली की अण्णा रेल्वेची खिडकी लावून घ्यायचे. घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. माणूस मोडेल पण वाकणार नाही! मीही मुकाट राहिले, रडायचं ते कांदा चिरताना रडले.

काल मात्र नवल झालं. तुझी प्रमिलाआत्या गाडी बघायला आली आणि हौसेनं आत खिडकीपाशी जाऊन बसली, तर अण्णांनी तिला उठवलं. म्हणाले, ‘ती सुसमानी जागा शे.’ तीन वर्षांनी नाव घेतलं गं तुझं! मग आपणच ओशाळले आणि म्हणाले, इंजिन तापतं, बारडोलीला घटकाभर थांबावं लागेल. कसलं तापतंय? योगराज तोंड फिरवून हसत होता.

म्हणून हे लिहितेय. रविवारी सकाळी साखर कारखान्याच्या फाटकाशी उभी राहा. एकटी येऊ नकोस, जावईबापूंनाही आण. येत नाही म्हणाले तर सांग त्यांना, मी आत्ताच गाडीत डोकावून आले. खिडकीपाशी अण्णांचा रुमाल आहे, पण पूर्वीसारखा घडी करून ठेवलेला नाही. चांगला पसरून टाकलाय, दोन माणसांच्या जागेवर.

तुझीच, खिडकीतून बघत येणारी,
आई