नव्वदच्या वर काढायचेच

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
डावी नाकपुडी तीन महिने बंद. सर्दीच आहे. तारापूरच्या केमिकल कंपनीत बावीस वर्षं सुपरवायझर आहे मी, नाकाचं मला कुणी शिकवू नये. आज रुमालावर रक्त. ऊन लवकर वाढलंय. बायकोने, शैलाने, मला न विचारता पालघरच्या डॉ. मेघाली मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.

६ फेब्रुवारी
नाकात गाठ निघाली. तपासायला तुकडा काढला. मी ओरडलो नाही. ओरडली ती सिस्टर, तिचं मनगट मी धरलं होतं.

८ फेब्रुवारी
गाठ साधी की कॅन्सरची, त्यासाठी आणखी एक टेस्ट. पेशींच्या वाढीचा मार्कर, की-सदुसष्ट. निकाल टक्क्यांत! मार्कर म्हणजे मार्कच. दहावीला एकाहत्तर होते, इथे नव्वदच्या वर काढायचेच. संकल्प : रोज प्राणायाम, वाफ, हळदीचं दूध. शैला म्हणाली, तुकडा लॅबमध्ये आहे आणि दूध तुम्ही पिताय. तिला सायन्स कधी जमलंच नाही.

९ फेब्रुवारी, पहाटे ५
प्राणायाम. नाकपुडी एकच, म्हणून निम्मा.

१० फेब्रुवारी
वाफ राहिली. सिलिंडर संपला.

१२ फेब्रुवारी
कंपनीत माझ्या हाताखालच्या दर्पणला सांगितलं, कॅन्सरच्या टेस्टमध्ये नव्वद मिळाले की पार्टी. त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला. जळतो.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११
दवाखान्यात रिपोर्ट मिळाला. चार टक्के. चार! शेजारी दातिवऱ्याच्या रंभाबाई, त्यांच्याही नाकात गाठ. त्यांच्या रिपोर्टात साठ. मी हात जोडून अभिनंदन केलं, तयारी कशी केलीत विचारलं. बाईंनी रिपोर्ट घडी करून पिशवीत टाकला. नम्र असाव्यात. आता आत जाऊन रिचेकिंग मागतो.

दुपारी १
मॅडम म्हणाल्या, "रामनाथकाका, ही परीक्षा नाही. गाठीतल्या शंभर पेशींपैकी किती वाढायच्या मागे आहेत, त्याचा हा आकडा. तुमची गाठ साधी आहे. ऑपरेशन करून काढू."
मग साठ म्हणजे? विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर कळलंच होतं.
बाहेर रंभाबाई बाकावरच होत्या. माफी मागायला गेलो. "बाई, मी..." एवढंच निघालं. पुढे नुसतं रडू.
त्या म्हणाल्या, "चारच हायत ना तुजे? मंग रडतोस कशाला, भावा?" आणि पिशवीतली पाण्याची बाटली दिली.
मी सगळी प्यायलो. त्यांना तशाच पुढे मुंबईच्या कॅन्सरच्या इस्पितळात जायचं होतं, हे नंतर कळलं.